‘टू स्केल’ला मराठीत काय लिहायचं?

प्रश्न:
मुलीला शाळेतून काम मिळालंय: घरातली एक वस्तू मोजून ‘टू स्केल’ काढून आणायची. आम्ही तिचं अभ्यासाचं टेबल घेतलं. वरची फळी १२० सेंमी लांब, ६० रुंद. आलेख कागदावर १२ बाय ६चा आयत झाला. अडलो ते खाली मराठीत काय लिहायचं यावर. ‘प्रमाणबद्ध आकृती’ लिहिलं तर आजोबा म्हणाले, प्रमाणबद्ध मूर्ती असते, टेबल कसलं? ‘प्रमाणात काढलेली’ म्हटलं तर गोड प्रमाणात खावं तशी, बेताने काढल्यासारखी वाटते. ‘स्केल’च ठेवावं, तर तिच्या लेखी स्केल म्हणजे कंपासमधली पट्टी.

प्रतिसाद:
आजोबांशी सहमत. गणपती प्रमाणबद्ध आहे म्हणजे सोंड, पोट, हात एकमेकांना शोभतात. तो कशाच्या कितवा हिस्सा आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. टेबलाच्या चित्राला मात्र तेच विचारायचंय. भूगोलात यासाठी नुसतं ‘प्रमाण’ म्हणतात आणि ते तीन तऱ्हांनी देतात: शब्दप्रमाण (१ सेंमीला १० सेंमी), अंकप्रमाण (१:१०) आणि रेषाप्रमाण (मूळ अंतरं लिहिलेली, पट्टीसारखी भाग पाडलेली रेषा). कागदाची झेरॉक्स लहान-मोठी केली की पहिली दोन खोटी पडतात. रेषा कागदाबरोबरच आक्रसते, म्हणून ती खरी राहते.

गणितवाले इथे हरकत घेतील. त्यांच्याकडे १:१० हे ‘गुणोत्तर’. दोन गुणोत्तरं सारखी निघाली की ‘प्रमाण’. पण तुमच्या चित्रात १२:१२० आणि ६:६० सारखीच आहेत की! म्हणजे दोन्ही विषयांच्या वहीत ‘प्रमाण’ चालेल.

प्रतिसाद:
चालेल, पण ‘मोठ्या प्रमाणावर’पासून जपा. ‘मोठ्या प्रमाणावर पाऊस’ म्हणजे पुष्कळ पाऊस. म्हणून बृहत्‌प्रमाण नकाशा म्हटलं की मुलं अख्खा देश काढायला घेतात. असतं उलटं. १:१०,००० हा अपूर्णांक १:५०,०००पेक्षा मोठा, म्हणून तो नकाशा बृहत्‌प्रमाण. त्याच कागदावर मुलूख कमी मावतो, पण तपशील जास्त. हा घोळ शब्दाचाच आहे, मुलांचा नाही.

प्रतिसाद:
आमच्या घरी सुतारकाम होतं. वडिलांच्या तोंडी ‘प्रमाण’ हा शब्द कधी ऐकला नाही. ते म्हणायचे, ‘इंचाला फूट धर.’ प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने कपाट काढायचे, साडेसहा फुटांचं साडेसहा इंचात. इंचाचे आठ सूत, फुटाचे बारा इंच. म्हणजे एका सुताला दीड इंच. सहा सुती प्लाय त्या चित्रात अर्ध्या सुताची यायची, शिसाची जाड रेघच. अख्ख्या खोलीसाठी ‘सुताला फूट’. आता हिशेब केला तर ते १:९६ भरतं. त्यांनी तो कधी केला नव्हता.

सांगायचं एवढंच, की मराठीने हे काम नामाकडे दिलेलंच नाही, ‘ला’कडे दिलंय. किलोला साठ रुपये, इंचाला फूट. जुना ‘एक इंची’ नकाशाही इंचाला मैल होता. १:६३,३६० म्हटलं की काही डोळ्यांपुढे येत नाही. तेव्हा ‘१ सेंमीला १० सेंमी’ लिहा. कुणाला शब्दार्थ विचारायची वेळ येणार नाही.

प्रतिसाद:
थोडं अवांतर. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा तीन इंचांचा ठेवतो, म्हणजे साधारण १:२२. त्या हिशेबाने समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड ३७ मीटरचा करावा लागेल. सोसायटी परवानगी देणार नाही. (आमच्याकडे तर वाघ मावळ्यापेक्षा उंच असायचा.)

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. ‘प्रमाण: १ सेंमीला १० सेंमी’ लिहिलं, खाली एक रेषाही काढली. आता नवीन वाद. तिने लिहिलंय, ‘हे चित्र टेबलाच्या दहापट लहान आहे.’ बरोबर का?

प्रतिसाद:
‘पट’ने वस्तू वाढते, लहान व्हायला ‘भाग’ लागतो असं जुनी माणसं म्हणतात. बोलण्यात ‘दहापट लहान’ सर्रास चालतं, मला ते खटकत नाही. खटकतं ते हे, की लहान काय झालं ते वाक्यात नाही. लांबी दहावा भाग झाली. फळीचं क्षेत्रफळ ७२०० चौ. सेंमीचं ७२ झालं, शंभरावा भाग. ‘चित्रातली प्रत्येक लांबी मूळ लांबीच्या एक दशांश’ असं लिहा.

प्रश्नकर्ता:
तसंच लिहिलं. मग आजोबांनी विचारलं, खणाची किल्ली कुठेय? किल्ली चार सेंमीची, म्हणजे आलेख कागदावर चार बारीक घरं. दात काढायला जागाच नाही. तिने एक आडवी रेघ मारली, बाण काढला आणि लिहिलं, ‘किल्ली’.