मदत हवी आहे : १८६३ च्या तांब्याच्या टोकनावर कळंक चढतोय

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहते आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातली दुकानदारांची टोकनं जमवते. इथे शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) जमवणारे बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम इथेच विचारतेय.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी : युद्ध पेटल्यावर लोकांनी सोनं-चांदी दडवली आणि १८६२ च्या उन्हाळ्यात एक सेंटचं नाणंही दिसेनासं झालं. सुट्टे म्हणून टपाल तिकिटं फिरू लागली, पण ती घामट हातांना चिकटायची. मग किराणावाले, खाटीक, दारूवाले यांनी सेंटएवढी टोकनं स्वतःच पाडून घेतली. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्यूलर नावाच्या दारूवाल्याने तर दहा लाखांवर काढली म्हणतात. घोड्यांच्या ट्रामच्या कंपनीने साठलेली टोकनं त्याच्याकडे बदलून मागितली, तेव्हा त्याने चक्क हात वर केले! १८६४ मध्ये कायदा करून सरकारने हे सगळं बंद पाडलं. आमच्या ओहायोतल्या सिनसिनाटीत अशी टोकनं फार निघाली, आणि माझा जीव त्यांच्यातच अडकलाय.

आता अडचण. माझ्याकडच्या एका किराणावाल्याच्या टोकनावर दुकानाच्या नावातल्या अक्षरांच्या खाचांत हिरवी भुकटी धरलीये. काडीने टोकलं की थोडी सुटते, खाली बारीक खड्डा दिसतो. बाकी पृष्ठभाग सुंदर चॉकलेटी आहे. विकणाऱ्याने ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात दिलं होतं. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून प्लॅस्टिकचा चिकटपणा गेला, हिरवं मात्र तसंच आहे.

चिंच-मीठ किंवा पितांबरी कृपया सुचवू नका. भांडं लखलखीत होईल, पण टोकनाचा दीडशे वर्षांचा रंग एका मिनिटात जाईल आणि किंमतही.

कोकणातल्या दमट हवेत ज्यांनी तांब्याच्या शिवराया सांभाळल्यात त्यांनी सांगावं : डिस्टिल्ड वॉटरमध्ये कित्येक दिवस भिजत ठेवल्याने हा कळंक थांबतो का? खनिज तेलाचा उपाय कोणी केलाय का, आणि नंतर रंग काळवंडला का? सिलिका जेल डब्यात किती दिवसांनी बदलता?

आणखी एक. टोकनावर दुकानाचा रस्ता कोरलाय. सिनसिनाटीच्या १८६० च्या दशकातल्या व्यापारी डिरेक्टऱ्या कोणी चाळल्या असतील, तर मालकाचं पुढे काय झालं ते शोधायला सुरुवात कुठून करू?