फिलिप आयलंडवर घुशी कशाला सोडल्या?

पुणेकर_आजोबा: लेकीकडे मेलबर्नला आलोय. परवा पेंग्विन बघून रात्री परतताना जावयाने गाडी एकदम सावकाश केली. कडेच्या गवतात लांब नाकाचं, मागच्या अंगावर फिकट पट्टे असलेलं काहीतरी उकरत होतं. म्हणाला, बँडिकूट, मुद्दाम आणून सोडलेत. अहो, ही तर घूस! आमच्या सोसायटीत घुशींनी चेंबर पोखरलंय, आणि इथे लोक पैसे खर्चून त्या सोडतात?

हैदराबादी_मराठी: नाव मात्र आपल्याकडूनच गेलंय. तेलुगूत पंदिकोक्कू, म्हणजे डुक्करउंदीर. गोऱ्यांनी ते तिकडच्या प्राण्याला चिकटवलं.

समुद्रकाठची_ताई: आजोबा, नाव घुशीचं असलं तरी हा कांगारूच्या गोतातला, पिशवीवाला. पिशवीचं तोंड मागे, म्हणजे उकरताना पिल्लांवर माती पडत नाही. गर्भ जेमतेम साडेबारा दिवसांचा!

गवताळ रानं शेतीखाली गेली, उरलेले कोल्ह्यांनी संपवले. कोल्हे इथले नव्हेतच, शिकारीच्या हौसेपायी इंग्रजांनी आणलेले. या व्हिक्टोरिया राज्यातले शेवटचे रानटी बँडिकूट कुठे उरले होते माहितीये? हॅमिल्टन गावाच्या कचरा डेपोत, भंगार गाड्यांच्या आडोशाला. तिथून पकडून त्यांची पैदास केली. कोल्हे नसलेली बेटं शोधून 2015 मध्ये चर्चिल आयलंडवर, 2017 मध्ये फिलिप आयलंडवर, 2019 मध्ये फ्रेंच आयलंडवर सोडले. 2021 मध्ये 'जंगलातून नामशेष' हा शिक्का पुसला, आता 'धोक्यात' म्हणतात. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

पैसे वाया जात नाहीत हो. तो गांडुळं, अळ्या शोधत माती उकरतो, मग पाणी मुरतं. माझ्या हिरवळीची रोज सकाळी चाळण झालेली असते, नवरा कुरकुरतो.

पुणेकर_आजोबा: मग मांजरांचं काय? तीही खात असतील.

समुद्रकाठची_ताई: खातात, शिवाय त्यांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मोसिस नावाचा रोग पसरतो, त्यानेही बँडिकूट मरतात. कोल्हे गेले, मांजरं अजून आहेत. आणि बँडिकूट गाड्यांखालीही येतात. जावयाने बरोबर केलं.

पुणेकर_आजोबा: रविवारी नातवाला चर्चिल आयलंडला नेतोय. दिसेल का?

समुद्रकाठची_ताई: दिवसा नाही, गवताच्या घरट्यात झोपलेला असतो. नातवाला जमिनीतले निमुळते, नाकाच्या आकाराचे खड्डे शोधायला लावा.