मदत हवी आहे : आईची नैराश्याची गोळी चालू आहे, डोकं दुखलं तर घरात काय द्यायचं?

राजारामपुरी_लेक

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची. बाबा गेल्यापासून तिची झोप उडाली, जेवण तुटलं, अंबाबाईला जायचंही सोडून दिलं. शेवटी मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी सर्ट्रालिन ५० सुरू केली आणि गुण येतोय. परवा आपणहून उठून म्हणाली, "सर बाजूला, भाकरी मी थापते." हे ऐकायला आम्ही सगळे किती आसुसलो होतो, काय सांगू.

पण हल्ली दुपार झाली की डोकं धरून बसते. दोन्ही कानशिलं जड होतात, मळमळतं, अंगात त्राण नाही म्हणते. आत्याचं एकच पालुपद, "त्या डोस्क्याच्या गोळ्यांनीच डोस्कं दुखतंय, बंद कर बघू आधी." शेजारच्या काकू कॉम्बिफ्लाम घेऊन आल्या. मी ती दिली नाही, पण आईचे हाल बघवत नाहीत. डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे आणि दवाखान्यात फोन लागेना.

सर्ट्रालिनबरोबर कोणती गोळी चालते? बाम, आल्याचा चहा एवढ्यावरच भागवायचं का? आणि आत्या म्हणते तसं या गोळीनेच डोकं दुखत असेल का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.

रंकाळा_सकाळ

ताई, गोळी परस्पर बंद करू नका, हात जोडून सांगते. मी एस्सिटालोप्राम घेते, सर्ट्रालिनच्याच जातीची गोळी. सुरुवातीला माझंही डोकं दुखायचं, पहिल्या दोनेक आठवड्यांत ते आपोआप थांबलं. नंतर बरं वाटतंय म्हणून मध्येच गोळी सोडली, तर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. डोकेदुखीला मला त्यांनी साधी पॅरासिटामॉल सांगितली होती. आई जेवायला लागल्यात, हे फार मोठं आहे.

पन्हाळा_वारा

उन्हाचा कडाका बघताय ना? पाणी कमी पडत असणार. दिवसभर भरपूर पाणी पाजा, सोबत लिंबू सरबत.

औषधाचं_दुकान

मी फार्मासिस्ट आहे. काकूंची गोळी दिली नाहीत, फार बरं केलंत.

पॅरासिटामॉल चालते. यकृताचा त्रास नसेल तर ५०० ची एक, लागलीच तर सहा तासांनी दुसरी. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात, पण या वयात तिच्या जवळपासही जायचं नाही. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशोबात धरा. आणि रोज रोज देऊ नका. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर चालली तर त्या गोळीनेच डोकेदुखी जडते. बाम लावा, काही अडत नाही.

कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं. अडचण तिथे आहे. रक्तातल्या प्लेटलेट्स सेरोटोनिन नावाचं रसायन आत घेऊन साठवतात आणि जखम झाली की ते सोडतात, त्याने रक्त थांबायला मदत होते. सर्ट्रालिन हे आत घेणंच अडवते. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात, वर प्लेटलेट्सचं कामही मंदावतात. दोन्ही एकत्र झालं की जठरातून रक्तस्रावाचा धोका एकट्या गोळीपेक्षा वाढतो, साठीपुढे तर आणखी. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, तीही नको. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

घरात कुणाची पाठदुखीची ट्रामाडॉलची गोळी उरलेली असेल तर ती अजिबात नको. खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही विचारल्याशिवाय नको. या दोन्हींमुळे सर्ट्रालिनसोबत शरीरात सेरोटोनिनचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढू शकतो. मग थरथर, घाम, जुलाब, धडधड, ताप, स्नायू ताठ होणं असं होतं. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

आता मला सांगा, आईंना बीपी आहे का? दुसरी कोणती गोळी चालू आहे? नुसतं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात जे छापलंय ते सगळं इथे लिहा. आणि बीपी मोजून घ्या.

राजारामपुरी_लेक

दादा, बीपी आहे. रक्त पातळ करायची गोळी मात्र नाही. पाकिटाचा चांदीचा कागद नेमका नावावरच फाटला होता, उरलेल्या गोळ्यांची बाजू खिडकीशी उजेडात धरून वाचली. टेल्मिसार्टन ४०, त्याच्या खाली हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. आम्हाला वाटायचं एकच औषध आहे, त्यात दोन निघाली. बीपी आत्ता १३०/८०. पाणी आम्ही आधीच तांब्या भरून भरून पाजतोय, ती नको म्हणाली तरी.

औषधाचं_दुकान

याचसाठी विचारलं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवी वाढवणारं औषध आहे, त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्यांनीही उतरतं, कारण शरीर पाणी धरून ठेवायला लागतं. साठीपुढच्या बाईला दोन्ही चालू असतील तर सोडियम बघितलंच पाहिजे. डोकेदुखी, मळमळ, अंगात त्राण नसणं, ही सगळी त्याची लक्षणं असू शकतात. नक्की तेच आहे असं मी म्हणत नाही, ते तपासणीच सांगेल. सीरम सोडियम करून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. १३५ ते १४५ नॉर्मल.

पण उद्यावर टाकू नका. मानसोपचारवाल्यांचा फोन लागत नसेल तर बीपीची गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडे आजच जा, दोन्ही पाकिटं सोबत न्या. दोन्हींतली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

पन्हाळा दादा, तुमचा सल्ला एरवी बरोबरच आहे. पण सोडियम उतरलेलं असेल तर जास्तीचं पाणी ते आणखी खाली नेतं. रिपोर्ट येईपर्यंत तहानेपुरतंच द्या.

पन्हाळा_वारा

हे खरंच माहीत नव्हतं. ताई, रिपोर्ट आला की कळवा. गाडी लागली तर सांगा, मी गावातच आहे.

राजारामपुरी_लेक

रिपोर्ट आला. सोडियम १२९.

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, नवीनमध्ये ते हायड्रोक्लोरोथायझाइड नाही. मानसोपचार तज्ज्ञांशी ते स्वतः फोनवर बोलले. सर्ट्रालिन तूर्त तशीच, पाणी मोजून, तीन दिवसांनी पुन्हा रक्त. सोडियम चढलं नाही तर सर्ट्रालिनचाही विचार करू म्हणाले. डोकं दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, तुम्ही सांगितलं तेच.

मी सर्ट्रालिन बंद केली नाही म्हणून आत्या माझ्यावर चिडली होती. डॉक्टरांनी तिलाच समोर बसवून समजावलं तेव्हा कुठे गप्प झाली. आता म्हणते, सोडियम म्हणजे मीठच ना, मग ताकात मूठभर घाल. घालू का?

औषधाचं_दुकान

नको. इथे पोटात मीठ कमी जातंय असं नाही, शरीरात पाणी जास्त साठतंय. शिवाय बीपी आहे. डॉक्टरांनी सांगितलं तरच. ताक नेहमीसारखं द्या, पण ते पाण्याच्या मापात धरा.

तीन दिवस लक्ष ठेवा. आई फार झोपाळू झाल्या, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा आकडी आली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढून थेट सीपीआरचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल. दोन्ही पाकिटं आणि हा रिपोर्ट आत्ताच एका पिशवीत घालून दाराशी ठेवा.