काचेच्या रिकाम्या बरण्यांचे त्रिपुरी पौर्णिमेसाठी दिवे करतेय, बरणी तडकू नये म्हणून काय करू?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. सासूबाईंचं सगळं आयुष्य पंचवटीतल्या वाड्यात गेलं. चार वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे फ्लॅटवर राहायला आल्या, तेव्हा सामानात कपड्यांची एक पेटी आणि काचेच्या बरण्यांची तीन खोकी होती. जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या, हॉर्लिक्सच्या जाड बाटल्यासुद्धा. त्यातली एकही घंटागाडीत गेलेली त्यांना चालत नाही. "काच कुजत नाही, मग टाकायची कशाला?" म्हणतात, आणि मला ते पटतं.

त्रिपुरी पौर्णिमेला त्या न चुकता गंगेवर जायच्या (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). रामकुंडाशी साडेसातशे वातींची त्रिपुरवात लावायची, एक दिवा पाण्यात सोडायचा, मग कपालेश्वराचं दर्शन. आता गुडघ्यांमुळे घाटाच्या पायऱ्या होत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी मी आमच्या गच्चीच्या कठड्यावर दिवे लावायचं ठरवलं. गच्चीवर वारा इतका, की उघडी पणती दोन मिनिटं टिकत नाही. तेव्हा या बरण्या आठवल्या.

चोवीस बरण्या घासून त्यांत तेलाच्या पणत्या ठेवल्या. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या, फार खूश होत्या. तासाभरात उंच बरण्यांतल्या चार-पाच काजळी धरून विझल्या आणि जॅमच्या दोन बरण्या टणकन तडकल्या. एकीतली पणती कलंडली आणि तेल कठड्यावरून खाली पार्किंगमध्ये ओघळलं. खाली कोणी नव्हतं हे नशीब. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण "पुरे गं आता" म्हणून आत गेल्या. ते मला वर्षभर लागून राहिलंय.

मुलगा म्हणतो, बॅटरीच्या बारीक माळा भर. दिवाळीत तशा दोन बरण्या आकाशकंदिलाखाली ठेवल्या होत्या, सुंदर दिसतात. पण त्रिपुरीला ज्योतच हवी.

लेबलांचा प्रश्न सुटलाय. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवली की कागद निघतो. चिकट गोंद उरला तर खोबरेल तेलात खाण्याचा सोडा कालवून चोळायचा आणि अर्ध्या तासाने घासणीने घासायचं. लोणच्याचा वास काचेला राहत नाही, झाकणाच्या आतल्या रबरासारख्या कडीत राहतो, आणि दिव्याला झाकण लागतच नाही.

तर विचारायचं ते असं : बरण्या तडकल्या का, आणि यंदा तडकू नयेत म्हणून काय करू? शिवाय बाहेरून रंगवल्या तर चालेल का? काही बरण्या टांगायच्याही आहेत.

प्रतिसाद (सिडको)

ताई, जॅमची काच साधी असते, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रासारखी उष्णता सोसणारी नाही. ती तापली की बऱ्यापैकी प्रसरण पावते. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकली, तेवढीच जागा तापली आणि बाकीची बरणी कार्तिकातल्या थंडीने गार, की तिथे ताण येऊन तडा जातो. घासणीचे ओरखडे असतील तर अजून लवकर. उंच, अरुंद तोंडाच्या बरणीत हवा पुरत नाही, म्हणून काजळी धरते. रुंद तोंडाच्या बुटक्या बरण्याच घ्या.

आणि पणती ठेवूच नका. आमच्या आजोळी काचेच्या हंड्यांत पाण्यावर तेल घालून दिवा लावत, तसं करा. बरणीत निम्म्यापर्यंत पाणी, वर दोन मोठे चमचे तेल. बुचाच्या चकतीला मधोमध पत्र्याचा तुकडा बसवून त्यातून वात काढायची आणि ती तेलावर तरंगत ठेवायची. पाण्यामुळे तळ तापत नाही, तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझते. शेवटी थोडी तडतडते, घाबरू नका. चकती काचेला चिकटलेली नाही ना, एवढं मात्र बघत राहा. बरणी कठड्यावर न ठेवता खाली फरशीवर, परातीत वाळू घालून ठेवा. जळत्या दिव्यात कधीही गार पाणी ओतू नका.

प्रतिसाद (गंगापूर रोड)

काकू, ज्योतीच्या बरण्यांना रंग नकोच. काचेवर ॲक्रिलिक रंग धरत नाही, गरम झाला की पोपडे निघतात. फेव्हिकॉलने चिकटवलेला पतंगी कागद तर पेटूच शकतो. ती हौस बॅटरीच्या माळेच्या बरण्यांवर करा. दिव्याच्या बरणीत पाण्यात झेंडूच्या पाकळ्या सोडा, खालून उजेड पाकळ्यांतून येतो. टांगायलाही बॅटरीच्याच घ्या. सुतळी नको, आट्यांच्या खाली मानेला जस्ती तारेचे दोन वेढे देऊन तिचीच कडी करा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तीन बुटक्या बरण्या करून बघितल्या. बुचाची चकती औषधाच्या जुन्या बाटलीच्या बुचाची कापली, पत्रा डब्याच्या झाकणाचा. पहिली चकती तेलात कलली, कारण पत्रा जाड होता. बारीक कापल्यावर नीट तरंगली. गोडेतेलावर पावणेतीन तास जळली आणि सांगितल्याप्रमाणे तडतडून विझली. बरणीला हात लावून पाहिला, खालचा पाण्याचा भाग गार होता, ज्योतीच्या उंचीला कोमट. उंच बाटल्या बॅटरीच्या माळांना ठेवल्या.

सासूबाई शेजारी पाट घेऊन बसल्या होत्या. "पाण्यावरच आहे की दिवा," म्हणाल्या, आणि उद्या बसून वाती वळायच्या म्हणून कापूस काढून ठेवलाय त्यांनी. एक शंका राहिलीच : साडेसातशे वातींची त्रिपुरवात एका बरणीत मावणार नाही, ज्योतही मोठी होईल. ती पितळेच्या पातेल्यात लावून भोवती बरण्या मांडल्या तर वाऱ्याला आडोसा पुरेल का? कोणी असं केलं असेल तर सांगा.