ट्रेलर मागे असताना सायकली कुठे बांधायच्या? मदत हवी आहे

मंडळी, मिशिगनला असतो, जुलैत लडिंग्टन स्टेट पार्कला चाललोय, हॅम्लिन लेकमध्ये फिरवायला २ कयाक आणि पोरांच्या धरून ४ सायकली न्यायच्यात, पण गाडीच्या हिचला (मागे ट्रेलर जोडायची जागा) कॅम्पिंग ट्रेलर आहे म्हणजे तिथे सायकलचा रॅक बाद. कयाक टपावर जातील. गेल्या वर्षी ट्रेलरच्या मागच्या बंपरला रॅक लावला तर २० मैलांत वेल्डिंगला तडा, बायकोचं आरशात लक्ष होतं म्हणून वाचलो. पुढे ट्रेलरच्या दांड्यावर लावला तर हिचवरचा भार वाढतो (ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्केच हवा ना) आणि तो गाडीच्या पेलोडमध्येही (गाडी पेलू शकते ते माणसं-सामानाचं वजन) धरावा लागतो, दारातल्या स्टिकरवरचा आकडा आधीच संपत आलाय. शिवाय वळताना सायकलचं हँडल डिकीच्या काचेत घुसेल ते वेगळंच. कोणी सायकली ट्रेलरच्या आत, जुनी चादर टाकून नेल्यात का? बांधल्या कशाला?