डाइव्ह कॉम्प्युटर चुकतो, आणि तो चुकतोय हे कळायला टेबल यावं लागतं

नळस्टॉप
परवा 'खोलपाणी' यांनी आपल्या पुण्याच्या डाइव्हिंगच्या ग्रुपवर टेबलांबद्दल, म्हणजे किती खोलीवर किती मिनिटं राहता येतं त्या छापील तक्त्यांबद्दल, आणि तेच मनगटावर मोजणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल लिहिलं: "टेबलं रद्दीत घाला. कॉम्प्युटर चुकत नाही, चुकतो तो माणूस. टेबलं शिकवण्यात अर्धा दिवस घालवणारे इन्स्ट्रक्टर नुसता वेळ काढतात." दोन दिवस गप्प बसलो. पण त्या ग्रुपवर माझी भाची पण आहे, डिसेंबरात अंदमानात हॅवलॉकला कोर्स करायला निघालीये, तिने त्या पोस्टला अंगठा दिलेला बघितला आणि राहवलं नाही.

माझ्यासोबत घडलेलं सांगतो. हॅवलॉकलाच, भाड्याचा कॉम्प्युटर, २४ मीटरवर होतो. १५ मिनिटं झाल्यावर मनगटाकडे बघितलं तर नो-डेको, म्हणजे अंगात इतका नायट्रोजन साठायच्या आधीचा वेळ की वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावंच लागेल, ३९ मिनिटं शिल्लक! आमच्या वेळी टेबल पाठ करून घ्यायचे, २५ मीटरला २९ मिनिटं हा आकडा डोक्यात पक्का बसलेला. म्हणजे माझ्याकडे फार तर १४ उरायला हवी होती. बडीला, म्हणजे सोबतच्या जोडीदाराला, खूण केली, दोघं वर सरकलो, ५ मीटरला नेहमीच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपच्या जागी चांगली आठ मिनिटं थांबलो. बोटीवर सेटिंग बघितलं तर आदल्या दिवशीच्या पाहुण्याने नायट्रॉक्स ३६ वर, म्हणजे ३६ टक्के ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन म्हणून जास्त वेळ देणाऱ्या मिश्रणावर, ठेवलेला आणि माझ्या सिलिंडरमध्ये साधी हवा. टेबल येत नसतं तर मी ते ३९ बघून आणखी निवांत खाली फिरलो असतो, काय झालं असतं ते सांगायला नको.

खोलपाणी
मग मी काय वेगळं म्हणालो? मशीन चुकलं का? नाही. भाड्याने देणाऱ्याने बघितलं नाही, तुम्ही पाण्यात उतरायच्या आधी बघितलं नाही. गॅस सेटिंग तपासणं हे पहिल्या पानावर असतं. स्वतःची चूक आणि खापर कॉम्प्युटरवर.

आणि टेबलाचं एवढं कौतुक चाललंय तर तेही ऐका. टेबल तुमची अख्खी डाइव्ह सगळ्यात खोल आकड्यावर धरतं. रीफवर तीन मिनिटं २२ मीटरला जाऊन बाकी अर्धा तास ८-१० मीटरला फिरलात तरी टेबल म्हणणार २२ मीटर, ३७ मिनिटं, खेळ खलास. कॉम्प्युटर दर काही सेकंदाला खोली मोजतो आणि तेच गणित पुन्हा मांडतो. गणित काही आभाळातून पडलेलं नाही, हॉल्डेनने १९०८ ला बकऱ्यांवर प्रयोग करून जे पाच टिश्यूंचं, म्हणजे कमी-जास्त वेगाने नायट्रोजन घेणारे शरीराचे भाग धरून, मांडलं तेच पुढे ब्यूलमानने सोळापर्यंत नेलं. टेबल म्हणजे त्या पद्धतीचा छापील कागद आणि कॉम्प्युटर म्हणजे तीच पद्धत चालू स्थितीत. कागद तुमच्या मनगटावर खोली मोजत नाही.

ओरिंग
दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. कॉम्प्युटर बंद पडतात ते गणिताने नाही, पाणी शिरून. आणि पाणी शिरतं ते बॅटरी बदलल्यावर. पुण्यात अधिकृत सर्व्हिस सापडली नाही म्हणून मी लक्ष्मी रोडवरच्या एका घड्याळवाल्याकडे दिला, त्याने दहा मिनिटात बॅटरी बदलून दिली, जुनीच ओ-रिंग, म्हणजे झाकणातून पाणी शिरू न देणारी रबराची कडी, परत बसवली, तीही कोरडी, वर केसाएवढा धागा अडकलेला. मालवणला पहिल्याच डाइव्हला १४ मीटरवर काचेखाली बुडबुडा फिरायला लागला, मग आकडे पुसट, मग काहीच नाही. सव्वीस हजारांचा कॉम्प्युटर, ओ-रिंग किती रुपयांची?

तेव्हा बॅटरी स्वतः बदला. झाकणाची खाच कापसाने नाही, लिंट नसलेल्या कापडाने पुसा, नवीन रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, व्हॅसलिन अजिबात नाही, रबर फुगतं. आणि ट्रिपच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी, म्हणजे एकदा टाकीत तपासता येतो.

खोलपाणी
हे मान्य. पण हाही माणूसच चुकला ना. मी विचारतोय ते एवढंच की जिथे कॉम्प्युटरचं स्वतःचं गणित चुकलं असं एक उदाहरण द्या. एक.

नळस्टॉप
घ्या. अलादीन एअर एक्स नायट्रॉक्स, १९९५ चे कॉम्प्युटर. दोन डाइव्हच्या मध्ये तुम्ही बोटीवर बसून साधी हवा घेताय, पण त्याचा प्रोग्रॅम धरून चालायचा की अजून नायट्रॉक्सच चालू आहे. म्हणजे अंगातला नायट्रोजन खरा जितका निघतो त्यापेक्षा जास्त निघाला असं मोजायचा आणि पुढच्या डाइव्हला जास्त वेळ द्यायचा. अमेरिकेत ते परत मागवले २००३ ला. मधली आठ वर्षं लोक ते मनगटावर बांधून उतरत होते. त्यात माणसाने कुठलं बटण चुकीचं दाबलं होतं सांगा.

खोलपाणी
एक उदाहरण, तेही तीस वर्षांपूर्वीचं. त्यावर अख्ख्या पिढीला घाबरवायचं?

नळस्टॉप
तुम्हीच म्हणालात एक द्या! दिलं तर म्हणे एकच दिलं. असं बोलायचं असेल तर मला वेळ नाही.

आंबोलीचा पाऊस
भांडू नका. मला वेगळंच सांगायचंय, कारण यावर पुण्यात कुणी बोलतच नाही.

दोन वर्षांपूर्वी मालवणजवळ दोन दिवसात पाच डाइव्ह केल्या, किल्ल्याजवळच्या उथळ नाही, बाहेरच्या खडकावर २०-२२ मीटरच्या. शेवटची डाइव्ह दुपारी एकला संपली. कॉम्प्युटरवर ते छोटं विमानाचं चित्र चालू होतं. मी म्हटलं आपण कुठे विमानाने चाललोय, आपण तर गाडीने. सावंतवाडीला मावशीकडे जेवलो आणि संध्याकाळी आंबोलीचा घाट चढून वर. आंबोलीत चहाला थांबलो तर डावा कोपर ठणकायला लागला, आतून, दाबलं तरी कमी-जास्त होत नाही असा. पुण्यात पोचेपर्यंत खांद्यापर्यंत. डॉक्टरांनी स्नायू दुखावला म्हणून गोळ्या दिल्या, डाइव्हिंगचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन दिवसांनी थांबलं. बेंड्स, म्हणजे अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास, होतं की नाही आता कुणीच सांगू शकणार नाही, पण मला आजही त्या चहाच्या टपरीवरचा कोपर आठवतो.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. आपलं पुणं ५६०. साताऱ्याला रस्ता साडेसातशेच्या आसपास जातो. समुद्रातून वर आलो की आपण सगळे त्याच दिवशी घाट चढतो, आणि कॉम्प्युटर दाखवतो विमान.

खोलपाणी
ताई, वाईट वाटलं, पण ही चूक कॉम्प्युटरची नाही. चित्र चालू होतं असं तुम्हीच लिहिलंय.

आंबोलीचा पाऊस
चूक कुणाची यासाठी नाही लिहिलं मी. चित्राचा अर्थ, की अंगातला नायट्रोजन निघेपर्यंत कमी दाबाच्या उंचीवर जाऊ नका, मला कुणी सांगितला नव्हता. विमानाचा प्रश्न हवेच्या दाबाचा आहे हे कोर्समध्ये ज्या दिवशी शिकवायचं त्या दिवशी "ते कॉम्प्युटर बघतो" म्हणून इन्स्ट्रक्टर पुढे गेले. तुमच्या पोस्टमध्ये हेच लिहिलंय ना, अर्धा दिवस वाचवा. माझा तो अर्धा दिवस वाचला होता.

ओरिंग
घाटाचं गणित मला कधी सुचलंच नव्हतं. मी तर दर वेळी गगनबावड्याने त्याच दिवशी वर येतो.

खोलपाणी
आता लोकांना उगीच भीती घालू नका. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेच्या संस्थेचा नियम विमानाचा आहे: चढायच्या आधी एक डाइव्ह असेल तर १२ तास थांबा, अनेक दिवस किंवा अनेक डाइव्ह असतील तर १८. तो ६१० मीटरच्या वरच्या केबिन उंचीला (केबिनमधला दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती) लागू आहे, आणि विमानात ती २४०० पर्यंत जाते. तिथे दाब चौथ्या भागाने कमी होतो. आंबोलीत जेमतेम आठ टक्के. पुणे तर त्या रेषेच्या खालीच आहे. तारकर्लीला ७-८ मीटरला अर्धा तास मासे बघून आलेल्या माणसाने घाट चढायला काही हरकत नाही.

आंबोलीचा पाऊस
७-८ मीटरवाल्याबद्दल मी बोललेच नाही. पाच डाइव्ह, २२ मीटर, आणि चार तासात ६९० मीटर. तुमच्याच नियमाने ६१० च्या वर आणि १८ तासांच्या आत. आता सांगा.

खोलपाणी
त्या परिस्थितीत रात्री खाली थांबायला हवं होतं. हो.

सेवानिवृत्त पाणबुड्या
मी चाळीस वर्षं पाण्यात आहे, आमच्या वेळी घड्याळ, डेप्थ गेज आणि स्लेटवर पेन्सिल. कुणाला काही झालं नाही. आताची मुलं आकडा हिरवा आहे तोवर खाली आणि आकडा लाल झाला की पळापळ, आणि वर येताना मिनिटाला नऊ मीटरची मर्यादा कशी सांभाळायची हे बीप ऐकल्याशिवाय कळत नाही.

खोलपाणी
काका, मान ठेवून सांगतो, "कुणाला काही झालं नाही" हा पुरावा नाही. स्लेटवर बेरीज चुकवणारे मी स्वतः बघितलेत, दुसऱ्या डाइव्हला उरलेला नायट्रोजन धरायचाच विसरतात. कॉम्प्युटर ते विसरत नाही.

अंजीर
मी सासवडचा. तुमच्या वादात मोजलेली एक गोष्ट टाकतो.

आमच्या विहिरीत अकरा मीटर पाणी आहे. दोरीला दर मीटरला गाठ मारली, खाली दगड, दोरीला माझा सात वर्षं जुना कॉम्प्युटर आणि मित्राचा नवा एकत्र बांधून दहाव्या गाठीपर्यंत सोडले. नवा ९.७ म्हणाला, ते बरोबरच आहे, तो खाऱ्या पाण्याच्या घनतेने मोजतो आणि गोडं पाणी तीन टक्क्यांच्या आसपास हलकं असतं. माझा म्हणाला ८.१. तीनदा केलं, तीनदा ८.१. सेन्सरच्या छिद्रात मीठ साठून बसलेलं, कोमट पाण्यात रात्रभर ठेवलं तरी ८.४ च्या वर गेला नाही.

म्हणजे खरे ३० मीटर असतील तिथे माझा २५ दाखवत होता. टेबलात ३० ला २० मिनिटं आणि २५ ला २९. नऊ मिनिटांचा फरक, आणि स्क्रीनवर कुठलाही इशारा नाही, बॅटरी फुल, सगळं हिरवं. त्याचं गणित बरोबरच होतं, त्याला खोलीच चुकीची मिळत होती. कॉम्प्युटर कमी-जास्त दाखवतोय हे मला कसं कळलं तर कर्नाटकात नेत्राणीला बडीच्या आणि माझ्या आकड्यात दर वेळी चार मीटरचा फरक यायचा म्हणून.

आणि एक. खोक्यावर ईएन १३३१९ हे युरोपियन मानक लिहिलेलं असतं ना, ते खोली आणि वेळ बरोबर मोजतो का एवढ्यापुरतंच आहे. डेकोच्या आकड्यांची खात्री ते देत नाही. आणि खोलीची खात्री तरी कंपनीतून बाहेर पडतानाची, सात वर्षं मिठात राहिल्यानंतरची नाही.

खोलपाणी
बडीचा आकडा बघणं, जुना झाला की तपासणं, हे मी कुठे नाकारलं?

नळस्टॉप
"चुकत नाही" असं लिहून नाकारलंत. अंजीर यांच्याकडे कुठला माणूस चुकला? त्यांनी मीठ धुतलं नाही म्हणाल तर रोज धुऊनही आत साठतं.

खोलपाणी
बरं. अंजीर यांचं मोजमाप मला खोडता येत नाही. पोस्टमधलं "चुकत नाही" काढतो, "टेबलं रद्दीत" पण काढतो. पण डाइव्ह टेबलावर आखा आणि मनगट मोकळं ठेवा असं कुणी म्हणालं तर मी पुन्हा भांडणार, कारण कॉम्प्युटर नसलेला माणूस कॉम्प्युटर असलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, आणि वेळ काढणाऱ्या इन्स्ट्रक्टरबद्दलचं वाक्य राहणार.

नळस्टॉप
मनगट मोकळं ठेवा असं मी एकदाही म्हणालो नाही. मी कॉम्प्युटर घालतो, दुसऱ्या हाताला फक्त खोली आणि वेळ दाखवणारा साधा बॉटम टायमर, आणि १८ ला ५६, २५ ला २९, ३० ला २० एवढे तीन आकडे डोक्यात. भाचीला तेवढेच पाठ करायला सांगितलेत.

आंबोलीचा पाऊस
भाचीला त्या विमानाच्या चित्राचा अर्थ पण सांगा.

नळस्टॉप
आजच सांगतो ताई.

ओरिंग
फोंडा, करूळ आणि भुईबावडा यातला सगळ्यात बुटका घाट कुठला, कुणी उंची मोजलीये का? नोव्हेंबरात चाललोय, शेवटची डाइव्ह सकाळी संपवून कणकवलीला मुक्काम करायचा विचार आहे.

अंजीर
रविवारी मी विहिरीवर आहे. ज्याला आपला कॉम्प्युटर तपासायचा त्याने सकाळी नऊपर्यंत या, दोरी, दगड तयार आहे. दोन वर्षांच्या वरचे असतील त्यांनी तर याच.

खोलपाणी
माझे दोन आणतो. गाठी मी स्वतः टेपने मोजणार.

अंजीर
टेप पण आहे. या.