घरी केलेल्या चुरोसचे अनुभव

काल माद्रिदमधील सान जिनेस या 1894 पासून चालू असलेल्या चुरेरियाचे, म्हणजे चुरोसच्या दुकानाचे, छायाचित्र पाहण्यात आले आणि तेथील वास्तव्यात शेजारच्या आजींकडून शिकलेले चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या लांबट स्पॅनिश कांड्या, आठवले. मैदा, पाणी आणि मीठ यांपलीकडे त्या काहीही वापरत नसत. मैद्याइतकेच पाणी मोजून खळखळून उकळायचे, एकदम मैद्यावर ओतायचे आणि लाकडी चमच्याने घोटून गुठळी राहू द्यायची नाही. अंडी-लोणी घातलेल्या आधुनिक कृतींना त्या कुरकुरीतपणाची सर येत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपणही अनुभव लिहावेत.

तळणीवाली: आमच्याकडे सोऱ्याला चकलीची ताटली लावूनच चुरोस पाडतो. ती चांदणी शोभेपुरती नाही. गुळगुळीत गोल चुरोची साल आधी कडक होते, आत वाफ कोंडते आणि तो तेलात फुटून अंगावर उडू शकतो. म्हणून सोऱ्यात पीठ दाबून भरावे, हवा राहू देऊ नये आणि गोल भोकाची ताटली कृपया कोणीही वापरू नये.

माद्रिदकर: चुरोसचाच जाडजूड प्रकार असलेले पोरास कोणी केले आहेत का? खायचा सोडा घातलेले सैलसर पीठ, जाड आणि मोठे वेटोळे, मग कात्रीने तुकडे. घरची कढई त्याला पुरत नाही, ते चुरेरियातच खावेत.

सेव्हियाहून: आमच्या अंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनमध्ये, नाताळ आणि ईस्टरपूर्व सप्ताहात घरोघरी पेस्तिन्योस ही तळलेली गोड मिठाई होते. ऑलिव्ह तेलात बडीशेपेसारखी आनीस परतून ते सुगंधी तेल, तीळ आणि पांढरी वाइन घालून पीठ मळतात, चौकोनी तुकड्याची समोरासमोरची टोके जुळवून तळतात आणि मधात घोळवतात. सासूबाईंना हे करताना पाहणे मला फार आवडते.

वालेन्सियावासी: मार्चमधील फायास या आमच्या उत्सवाच्या दिवसांत आम्ही लाल भोपळ्याचे बुन्युएलोस, म्हणजे मध्ये भोक असलेले तळलेले वडे, करतो. पीठ यीस्टने फुगवलेले आणि इतके चिकट असते की हात पाण्यात बुडवून, अंगठ्याने मध्ये भोक पाडत ते तेलात सोडावे लागते.

नवखी: तेल किती तापवावे? आणि चुरोस बुडवून खायचे गरम चॉकलेट दाट कसे होते?

तळणीवाली: ताई, तेल 180 ते 190 अंश सेल्सिअस ठेवा, थंड तेलात चुरोस तेलकट होतात. चॉकलेटसाठी थोडे कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा.